'शेअरिंग'ला मराठीत काय म्हणावं?

दारू सोडून मला चौदा महिने झाले. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मराठी सभांतही आपली कहाणी सांगण्याला सगळे 'शेअरिंग'च म्हणतात. आईला फोनवर हे सांगताना अडलो. 'कबुली' म्हटलं तर म्हणाली, "पोलिसांना देतात ती?" 'सगळ्यांसमोर सांगतो' म्हटलं तर तिचा आवाजच पडला. शब्द सुचवाल?

प्रतिसाद : आईंचं काही चुकलं नाही. बभ्रा, बोभाटा, चव्हाट्यावर येणं... घरातलं बाहेर जाण्यासाठी आपल्याकडे शब्द पुष्कळ, पण प्रत्येकात अब्रू जाते. 'वाच्यता' तर बहुधा 'कुठे करू नकोस' असं बजावतानाच ऐकू येते. वर 'झाकली मूठ सव्वा लाखाची' आहेच. 'मन मोकळं करणं' म्हणा.

प्रतिसाद : मन मोकळं करतो ते एखाद्या जिवलगाजवळ. वीस जणांच्या सभेला तो शब्द मला अपुरा वाटतो. तुकोबांचा 'याति शूद्र वैश्य' हा अभंग पुन्हा वाचा. दुष्काळाने पैसा आणि मान दोन्ही नेले, एक बायको अन्न अन्न करत गेली, धंद्यात तूट आली. 'लज्जा वाटे जीवा' असं स्वतःच म्हणतात. म्हणजे लाज सरल्यावर बोललेले नाहीत, ती जिवाला लागलेली असतानाच बोलले. आणि त्याआधी म्हणतात, 'न ये बोलों परि पाळिलें वचन'. सांगू नये असंच आहे हे, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून सांगतो. ऐकणाऱ्यांनी त्यांना बोलतं केलं! मला तोच शब्द हवासा वाटतो : बोलतं होणं. 'तो बोलता झाला' यात गुन्हा नाही, बोभाटा नाही. आधीची मुकी वर्षं मात्र त्यात आहेत.

प्रतिसाद : सहमत. शिवाय 'दारुडा' आपल्याला लोक म्हणतात, सभेत 'मी मद्यपी आहे' हे आपण म्हणतो. माझ्या वडिलांना हे वाक्य कधीच म्हणता आलं नाही. फार वाटतं त्याचं.

मूळ प्रश्नकर्ता : काल आईला म्हटलं, "मी तिथे बोलता झालो." थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, "काय बोललास?" चौदा महिन्यांत पहिल्यांदाच. दिवाळीत घर सोडून बसस्टँडवर झोपलो होतो, ते सांगितलं. तिला ठाऊक होतं म्हणे. आता 'स्लिप'ला, म्हणजे सोडल्यावर पुन्हा पिण्याला, शब्द सुचवा, तेही तिला सांगायचं आहे.