फेसावर लगेच एन्झाइमचा माउथवॉश घेऊ नका

टाकीवाला:
काल इथे एक सल्ला आला आणि लोकांनी तो उचलूनही धरला: 'नेहमीच्या पेस्टने घासा, तोंडात फेस असतानाच वरून एन्झाइमचा माउथवॉश घ्या, कीटण दुप्पट वेगाने निघेल.' हे साफ चूक आहे.

नेहमीच्या पेस्टमध्ये फेसासाठी साधारण 1 ते 2 टक्के सोडियम लॉरिल सल्फेट (एसएलएस) असतं. प्रयोगशाळेत प्रथिनांची घडी मोडून ती जेलवर पळवायला एसडीएस वापरतात, ते हेच. आणि एन्झाइम हेही प्रथिनच. 1 ग्रॅम प्रथिनाला सुमारे 1.4 ग्रॅम चिकटतं. दीड टक्क्याची पेस्ट लाळेत चौपट पातळ झाली तरी 0.37 टक्के उरतं, आणि मायसेल (त्याच्या रेणूंचे पुंजके) व्हायला साध्या पाण्यात 0.23 टक्के पुरतं. त्यात लायसोझाइम या एन्झाइमवर धनभार आणि एसएलएसवर ऋणभार, म्हणजे सरळ साका. झेंडियम या एन्झाइमच्या पेस्टमध्ये फेसासाठी एसएलएसऐवजी स्टिअरेथ-30 घेतलंय ते याचसाठी. त्यावर भार नसतो, फेस कमी येतो, एन्झाइम शाबूत राहतं.

माउथवॉश घ्यायचाच असेल तर चुळा भरून किमान अर्धा तास जाऊ द्या.

लेबलवाचक:
एवढं सरसकट बोलू नका. कपड्यांच्या पावडरीत ऋणभारी सर्फॅक्टंट (एसएलएससारखा फेस करणारा पदार्थ) आणि प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) कित्येक वर्षं एकत्र नांदताहेत. तिथे नाही का एन्झाइम मरत?

टाकीवाला:
ते प्रोटिएज त्याच कामासाठी निवडलेलं आणि सुधारलेलं असतं. पावडरीत त्याच्या दाण्यावर लेप असतो, द्रव डिटर्जंटमध्ये कॅल्शियम आणि बोरेट घालून त्याला सांभाळतात, आणि कपडे अर्धा तास भिजतात. तोंडासाठी वापरतात त्या, दुधातून काढलेल्या लॅक्टोपेरॉक्सिडेज एन्झाइमला ही चैन नाही. बाकी सगळी एन्झाइम सारख्याच वेगाने मरत नाहीत हे मान्य. पण कुठलं किती टिकतं हे मोजल्याशिवाय लेबलवर नाव छापणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक.

हिरडी:
तुम्ही दोघं मुळात चुकीच्या ठिकाणी भांडताय. डेक्स्ट्रानेज हे एन्झाइम ग्लुकानमधले, म्हणजे कीटणातल्या चिकट साखळ्यांमधले, 1,6 बंध तोडतं. दाताला घट्ट धरणारं म्युटान हे ग्लुकान 1,3 बंधांचं, त्याला म्युटानेज हे वेगळं एन्झाइम लागतं. जपानात लायन कंपनीची क्लिनिका पेस्ट 1981 पासून डेक्स्ट्रानेज घालते, पण दोन मिनिटांत ते जुन्या थरात किती शिरणार? आणि एकदा कीटण दगडासारखं झालं की कुठलंच एन्झाइम चालत नाही, स्केलिंगच करावं लागतं. ब्रशच्या केसांची टोकं हिरडीच्या कडेला 45 अंशांत धरा, त्याने जास्त फरक पडेल.

टाकीवाला:
ब्रश महत्त्वाचा, यात वादच नाही. पण एन्झाइमच्या पेस्ट-माउथवॉशमधल्या ग्लुकोज ऑक्सिडेजचं काम थर खरवडण्याचं नाहीच. ते ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, लॅक्टोपेरॉक्सिडेज ते वापरून लाळेतल्या थायोसायनेटचं हायपोथायोसायनाइट करतं, आणि त्याने जंतूंची वाढ रोखली जाते. 2017 मध्ये 14 आठवड्यांचा अभ्यास आला, शंभरेक लोकांवर, त्यात प्लाकमधल्या (मऊ कीटणातल्या) जंतूंची जात बदलताना दिसली.

हिरडी:
त्यात कंपनीचाच हात होता, तेही लिहा. आणि जंतूंची जात बदलली म्हणजे किडलेला दात वाचला असं होत नाही.

लेबलवाचक:
मग इथल्या 'पपईच्या एन्झाइम'वाल्या पेस्टचं काय? खडूच्या बेसमध्ये पपेन!

टाकीवाला:
खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पेस्टचा पीएच 9 च्या आसपास. बहुतेक तोंडाच्या एन्झाइमना 5.5 ते 7 लागतो, म्हणून बेस सिलिकाचा हवा. शिवाय पपेनचं काम त्यातल्या सिस्टेइन या अमिनो आम्लाच्या गंधकावर चालतं. पेरॉक्साइड देणारं ग्लुकोज ऑक्सिडेज त्याच ट्यूबमध्ये घातलं की पपेन गेलं. एन्झाइम सगळ्यात शेवटी, मिश्रण 35 अंशांखाली आल्यावर, व्हॅक्यूममध्ये सावकाश मिसळायचं. गरम सॉर्बिटॉलमध्ये (पेस्टच्या गोड पाकात) टाकलं की बॅच वाया.

पपेन जिवंत आहे का हे घरीही कळतं. 5 ग्रॅम जिलेटिन 100 मिलि पाण्यात विरघळवा, दोन वाट्या करा. एकीत 2 ग्रॅम पेस्ट थोड्या पाण्यात कालवून, दुसरीत तेवढीच पेस्ट पाण्यात कालवून 20 मिनिटं उकळून, गार करून. दोन्ही तासभर 40 अंशांच्या पाण्यात ठेवा, मग रात्रभर फ्रिजमध्ये. पहिली पातळ आणि दुसरी घट्ट झाली, तर पपेन आहे. मात्र स्टार्च तोडणारं एन्झाइम शोधायला पेज आणि आयोडीनची चाचणी करू नका. एसएलएस पेजेतल्या स्टार्चच्या अमायलोजला धरून बसतं, आणि एन्झाइम नसतानाही निळा रंग फिका पडतो.

हिरडी:
जेलीची चाचणी पटली. पण चुळा भरायला सांगून तुम्ही खरं नुकसान करताय. घासल्यावर खळखळून चूळ भरली की फ्लोराइड वाहून जातं. थुंका आणि सोडून द्या. भारतात पेस्टमधल्या फ्लोराइडला 1000 पीपीएमची (ग्रॅमला 1 मिलिग्रॅम) कायदेशीर मर्यादा आहे, आधीच कमी.

किनवटकर:
थांबा जरा. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरच्या कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या पोराला 'चूळ भरू नको' म्हणायचं? दात पिवळे, पाय वाकडे झालेली माणसं आहेत तिकडे. शहरातला सल्ला सगळीकडे लावू नका!

हिरडी:
घाबरवण्याआधी हिशेब करा. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे पाव ग्रॅम, त्यात पाव मिलिग्रॅम फ्लोराइड, आणि त्यातलं बहुतेक थुंकलं जातं. लिटरला 3 मिलिग्रॅमचं पाणी दिवसाला दोन लिटर प्यायलं तर 6 मिलिग्रॅम. दोष पाण्याचा आहे, पेस्टचा नाही.

किनवटकर:
हिशेब बरोबर आहे, मान्य. पण तीन वर्षांचं पोर थुंकत नाही, गिळतं, आणि आई ब्रशभर पेस्ट लावते. जाहिरातीत तसंच दाखवतात ना! ब्रशभर म्हणजे ग्रॅमभर, म्हणजे 1 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. पाणी वाईट असलेल्या गावात ही भर कशाला?

हिरडी:
तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी, आणि मोठ्या माणसाने जवळ उभं राहून थुंकायला लावायचं. अशा गावात लहान मुलाने चूळ भरली तरी माझी हरकत नाही. मोठ्यांसाठी मात्र माझं मत तेच.

लेबलवाचक:
म्हणजे मोठ्यांनी चूळ भरायची नाही, पण एन्झाइमच्या माउथवॉशआधी भरायची? दोन्ही एकाच वेळी कसं करणार?

टाकीवाला:
वेळा वेगळ्या करा. रात्री झोपताना फ्लोराइडची पेस्ट आणि फक्त थुंकणं. एन्झाइमचा माउथवॉश दुपारच्या जेवणानंतर, त्याआधी साध्या पाण्याने चूळ. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीनचा जंतुनाशक माउथवॉश दिला असेल तर एसएलएसच्या पेस्टपासून तोही किमान अर्धा तास लांब ठेवा, कारण क्लोरहेक्सिडीनवर धनभार आहे. आणि माउथवॉशची बाटली गीझरखालच्या फळीवर ठेवू नका, पाण्यातलं एन्झाइम पेस्टमधल्यापेक्षा लवकर मरतं.