रस्त्यावरच्या गाडीला दोन कार्ब्युरेटर: दोन्ही एकदम उघडावेत की आधी एक, मग दुसरा?

वुडवर्डकर
ऑगस्टमधला वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, जवळ आला की आमच्या डेट्रॉइटच्या बाजूला गॅरेजांची दारं उघडी दिसायला लागतात आणि दरवर्षी तोच वाद सुरू होतो. माझं मत आधीच सांगतो. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर लिंकेज, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या दोन्ही कार्ब्युरेटरांना जोडणारी दांडी, प्रोग्रेसिव्हच हवं. म्हणजे पाय दाबला की आधी मागचा कार्ब्युरेटर उघडेल, आणि तो बराचसा उघडल्यावर पुढचा त्याच्या मागून येईल. दोघं एकदम उघडणारं 'एकास एक' लिंकेज बॉनेट उघडून उभं राहायला छान दिसतं, पण सिग्नलवर हिरवा लागला की गाडी उडी मारते नाहीतर अडखळते.

क्रायस्लरने १९६६ ते ७१ या काळात विकलेल्या ४२६ घनइंची स्ट्रीट हेमी इंजिनावर दोन कार्टर एएफबी कार्ब्युरेटर होते, जाहीर ताकद ४२५ हॉर्सपॉवर. त्यावरही कंपनीने प्रोग्रेसिव्हच दिलं होतं. चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप) फक्त मागच्याला, कारण रोजचं काम तोच करायचा. त्या लोकांना एकास एकची दांडी बनवता येत नव्हती असं थोडंच आहे?

माझी गाडी १९६८ची प्लिमथ, इंजिन ४४०, वर ५०० सीएफएमचे (मिनिटाला इतके घनफूट हवा) दोन एडलब्रॉक. ते एएफबीच्याच घराण्यातले.

प्लगवाचक
साहेब, कंपनीने दिलं म्हणून बरोबर? कंपनीला वॉरंटी सांभाळायची होती, थंडीत गाडी सुरू करून द्यायची होती. तुम्ही महामार्गावर ताशी ६० मैलांनी जाता तेव्हा पुढचा कार्ब्युरेटर जवळपास झोपलेला असतो. सगळं पेट्रोल मागून येतं. वाफ झालेलं पेट्रोल हवेबरोबर वळतं, न झालेलं मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळ्यांच्या) भिंतीला धरून सरपटतं आणि जवळच्या सिलिंडरमध्ये पडतं. मागचे ७ आणि ८ रिच (पेट्रोल जास्त), पुढचे १ आणि २ लीन (पेट्रोल कमी). प्लग काढून बघा, मागचे काळपट आणि पुढचे पांढरे दिसतील. एकास एकमध्ये ही भानगडच नाही.

वुडवर्डकर
माझ्या एक्झॉस्टमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर आहे. क्रूझला, म्हणजे एका वेगाने चालताना, १४च्या आसपास, पूर्ण दाबल्यावर १२.६. याहून काय हवं?

प्लगवाचक
सेन्सर कलेक्टरमध्येच ना, जिथे एक्झॉस्टच्या नळ्या एकत्र येतात? मग तो एका बाजूच्या चार सिलिंडरांची सरासरी सांगतोय. एक १५.५वर आणि एक १२.५वर असला तरी आकडा १४च येईल आणि तुम्ही खूश.

राजदूतवाला
पुण्याहून लिहितोय, त्यामुळे मसल कारबद्दल फार बोलू नये हे कळतं. पण राजदूत ३५०चे दोन मिकुनी अनेकदा जुळवलेत. केबलचा ढिलेपणा काढा, दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या गेल्या पाहिजेत, विषय संपला. एक आधी आणि एक नंतर उघडला तर ती गाडी चालवण्यासारखी राहणार नाही. त्यामुळे माझं मत एकास एकला.

गॅरेजताई
दादा, राजदूतला एका सिलिंडरला एक कार्ब्युरेटर आहे. एक मागे राहिला तर तो सिलिंडरच मागे राहतो. इथे दोन्ही कार्ब्युरेटर एकाच मॅनिफोल्डमध्ये ओततात आणि आठही सिलिंडर त्यातून ओढतात. म्हणून इथे 'एकदम उघडणं' ही गरज नाही, निवड आहे.

आणि मी वुडवर्डकरांच्या बाजूची आहे, पण वेगळ्या कारणाने. कमी वेगाला इंजिनला लागणारी हवा ठरलेली असते. ती दोन कार्ब्युरेटरांत वाटली की प्रत्येकाच्या व्हेंचुरीतला (अरुंद गळ्यातला) हवेचा वेग निम्मा. वेग निम्मा झाला की पेट्रोल ओढणारी ताकद चौथाई. मेन जेटमधून (पेट्रोलच्या मुख्य छिद्रातून) पेट्रोल यायला उशीर होतो आणि तो खड्डा भरायला लोक ॲक्सिलरेटर पंपाचा फवारा वाढवत बसतात. मग वास, धूर, 'दोन कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल पितातच' वगैरे.

एकच पुरे
मुळात दोन कशाला? ४४० घनइंच गुणिले ५,५०० आरपीएम भागिले ३,४५६ (सीएफएममध्ये आणणारा ठरलेला भाजक) म्हणजे ७०० सीएफएम. इंजिन ८५ टक्के भरतं धरलं तर ५९५. एक ७५०चा फोर-बॅरल (चार तोंडांचा) कार्ब्युरेटर लावा, रविवार मोकळा ठेवा.

वुडवर्डकर
हिशेब बरोबर. पण माझ्या दोन्हींचे मिळून १,००० सीएफएम ही वरची मर्यादा आहे, इंजिन लागेल तेवढंच ओढतं. एएफबीच्या सेकंडरीवर (नंतर उघडणाऱ्या दोन तोंडांवर) वजनावर तोललेली झडप असते, हवेचा जोर आल्याशिवाय ती उघडत नाही. बाकी 'कशाला' याचं खरं उत्तर एअर क्लीनर काढल्यावर दिसतं, ते वादाने पटणार नाही.

गॅरेजताई
आता लिंकेजवर भांडणाऱ्या सगळ्यांना एक विचारते. लिंकेज सोडवून दोन्ही कार्ब्युरेटर वेगवेगळे जुळवले का? माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत बहुतेकांनी ते केलेलं नसतं. आधी इग्निशन टायमिंग पक्कं करायचं, त्यानंतरच कार्ब्युरेटरला हात लावायचा. दांडी काढून टाकायची. हवा मोजायचं मीटर प्रत्येकाच्या तोंडावर धरून आयडल (उभ्या गाडीतल्या इंजिनाची किमान गती) स्क्रूने दोन्हींचा प्रवाह सारखा करायचा. मग व्हॅक्यूम गेज लावून चारही मिक्स्चर स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने. दांडी परत जोडल्यावर आयडल बदललं तर दांडीची लांबी चुकली आहे. तिथे स्क्रू फिरवून आयडल खाली आणणारे लोक पुढचे सहा महिने भूत शोधत बसतात.

स्प्रिंगही बघा. कॅम (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) मोठा असेल आणि गिअरमध्ये व्हॅक्यूम ९ इंचच (पाऱ्याचे) असेल, तर ८ इंचाची मीटरिंग रॉडची (जेटमधलं पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या काडीची) स्प्रिंग सिग्नलवर उभ्या उभ्याच रॉड उचलायच्या बेतात असते. ५ इंचाची लावा. आणि परत ओढणारी स्प्रिंग दोन्ही कार्ब्युरेटरांना स्वतंत्र हवी. एकीच्या भरवशावर दोन्ही ठेवू नका, थ्रॉटल अडकला तर चेष्टा नाही.

प्लगवाचक
ताई, हे सगळं मान्य. पण यातलं काहीही क्रूझला पुढच्या सिलिंडरांपर्यंत पेट्रोल पोचवत नाही.

गॅरेजताई
थोडं पोचवतं. प्रोग्रेसिव्ह लावून पुढच्याचे मिक्स्चर स्क्रू पूर्ण बंद करणारे महाभाग आहेत, तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पुढचाही आयडलला बरोबरीने काम करत असेल तर क्रूझलाही त्याच्या आयडल मार्गातून थोडं पेट्रोल येत राहतं. आणि त्याच्या फ्लोट बाऊलमधलं (पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतलं) पेट्रोल शिळं होत नाही. हल्लीच्या १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला तेही महत्त्वाचं आहे.

एकच पुरे
इथेनॉलचं नाव निघालंच आहे तर, ड्रीम क्रूझच्या रांगेत अर्धा तास रांगल्यावर ज्यांची गाडी बंद पडते त्यांचं लिंकेज दोषी नसतं, पेट्रोल उकळलेलं असतं. कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा जाड स्पेसर टाका. दोन असतील तर दोन टाका, हौसेला मोल नसतं.

वुडवर्डकर
स्पेसर आहेत. प्लगवाचक, तुमचा मुद्दा मी उडवून लावत नाहीये. १ आणि २ खरंच पांढरे निघाले तर पुढच्याचं आयडल मिक्स्चर थोडं रिच करीन, दांडीवर पुढचा लवकर उघडेल असं करीन. पण एकास एक नाही.

प्लगवाचक
लवकर, अजून लवकर करत शेवटी एकास एकवरच याल! असो. नवे प्लग टाका, महामार्गावर वीसेक मैल एका वेगाने चालवा, न्यूट्रलमध्ये टाकून तिथेच इग्निशन बंद करा आणि बाजूला घ्या. आयडलवर घरापर्यंत आणलेला प्लग काहीच सांगत नाही. आठही ओळीने मांडून फोटो टाका, मग भांडू.

एकच पुरे
चालत्या गाडीत किल्ली बंद? स्टीअरिंग लॉक होईल ना?

गॅरेजताई
६८च्या प्लिमथला किल्ली डॅशबोर्डवर असते, कॉलमला लॉक नाही. पण पॉवर स्टीअरिंग आणि ब्रेकची मदत जाईल. मागे-पुढे गाडी नसताना, सरळ रस्त्यावरच करा.