प्रथमोपचाराच्या वर्गात रोलप्ले म्हणजे पोरखेळ?

तापीकाठ:
कालची ती पोस्ट वाचून राहवलं नाही. म्हणे सीपीआरच्या (हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून जीव वाचवायच्या) वर्गात रोलप्ले, स्पर्धा हा पोरखेळ, गंभीर विषय गंभीरपणे शिकवा. अरे भाऊ, मिनिटाला 100 ते 120 दाब, छाती 5-6 सेंटीमीटर खाली, हे पडद्यावर वाचून हाताला कळतं का? आमच्या कंपनीत असाच गंभीर वर्ग झाला, साहेब स्लाइड वाचून राहिले, मागचे मोबाईलवर, सरावाच्या पुतळ्याला हात लागला तो फोटोपुरता. जोड्या लावा, एक दाबेल, दुसरा मोजेल, दोन मिनिटांनी अदलाबदल, तेव्हा दिसतं कोपर कुठे वाकतंय ते.

नर्सताई_धुळे:
पोस्ट माझीच आहे. स्लाइड वाचा असं मी कुठे लिहिलं? तोंडी घालू नका. बक्षीस, टाळ्या, हशा, आणि महिन्याने विचारलं तर कुणाला काही येत नाही, हे मी बघते. घाबरलेला माणूस फक्त सवयीचंच करतो. घोटून घ्या.

सातपुडा_पाडा:
चालू द्या तुमचं. इकडे मण्यार साप रात्री झोपेत चावतो, दुखत नाही, सूज नाही, पहाटे पापण्या मिटायला लागल्या की घरचे म्हणतात झोप आली. माझ्या काकाला करकचून दोरी बांधून आधी भगताकडे, म्हणजे विष उतरवणाऱ्या मांत्रिकाकडे नेलं, मग बांबूच्या झोळीत डांबरी रस्त्यापर्यंत, कारण 108 पाड्यावर चढत नाही. काका वाचला, पायाची बोटं गेली. आधी रस्ता द्या.

केळीवाला_यावल:
प्रत्येक धाग्यावर रस्ता! रस्ता झाला तरी दोरी बांधणारच ना?

सातपुडा_पाडा:
दारात गाडी येते म्हणून सुचतं हे. पावसाळ्यात एक रात्र झोळी खांद्यावर घेऊन उतरा, मग बोला.

नर्सताई_धुळे:
दादा, रागावू नका, पण दोरीचं केळीवाल्यांचं खरं आहे. कापणं, चोखणं, बांधणं काही नको. आधाराला लाकडी पट्टी लावून चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, अंगठी-कडं काढायचं, चावल्याची वेळ लक्षात ठेवायची. घोणस-फुरशाची शंका असली की आम्ही 2 मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवतो, गोठलं नाही तर विष चढलंय. आणि मण्यारीत श्वास थांबतो, तिथे तोंडाने श्वास देता आला तर माणूस दवाखान्यापर्यंत टिकतो.

तापीकाठ:
मग हाच रोलप्ले करा ना ताई! दोरी घेऊन धावलेल्या सासूला सुनेनं अडवायचं कसं, हे कुठल्या स्लाइडवर आहे?

सातपुडा_पाडा:
फक्त भगताला खलनायक करू नका, नाहीतर पाड्यावरून कुणी वर्गाला येणार नाही. त्यालाच बोलवा, पट्टी त्याच्याच हातून बांधवा. तो ‘दवाखान्यात न्या’ म्हणाला की लोक नेतात. आणि बेशुद्ध माणूस झोळीत उताणा नको, कुशीवर हवा, हे झोळी उचलूनच शिकवा, तेही चढावर.

नर्सताई_धुळे:
भगताचं मान्य. झोळीचंही. बक्षिसं अजूनही मान्य नाहीत. आणि एका पुतळ्यामागे साठ माणसं बसवणार असाल तर तुमचा रोलप्लेही नको आणि माझं घोटणंही नको, आधी पुतळे वाढवा.