वसई, एक्सर, अर्नाळा... लढाईच्या जागा आणि समुद्र, एका दिवसात कोण कोण जाऊन आलंय? अनुभव लिहा

सुरुवात मी करते. दादरहून सकाळची विरार लोकल, वसईला उतरून रिक्षाने थेट किल्ल्यात. चिमाजीअप्पांच्या पुतळ्यापाशीच मुलांना गोष्ट सांगितली, की मराठ्यांची पोर्तुगीजांविरुद्धची मोहीम १७३७ला सुरू झाली आणि किल्ला हातात आला थेट मे १७३९ मध्ये, कारण बाकी सगळीकडे पाणी नाहीतर दलदल, जमिनीकडून जायची वाट अरुंद, शेवटी सुरुंग लावून सेबॅस्टियन बुरूज उडवला तेव्हा पोर्तुगीज शरण आले. धाकट्याला लगेच तो बुरूज बघायचा होता! सासूबाई नाशिकच्या, बिनछपराच्या चर्चमध्ये उभ्या राहून वर बघत म्हणाल्या, "अगं, आमच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा इथूनच आणलेली." तिच्यावर १७२१ साल आहे म्हणे, आता मुलांना ती दाखवायला नाशिकला न्यायचंय. दुपारी सुरुची बीचवर सुरूच्या झाडांखाली डबे उघडले.

बोरिवलीहून
एक्सरचे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड) बघाच बघा, आमच्या घराजवळ आहेत आणि कितीतरी बोरिवलीकरांना माहीतच नाहीत, याचं फार वाईट वाटतं. माणसापेक्षा उंच दगड, त्यावर जहाजांची रांग, वल्ह्यांच्या ओळीच्या ओळी, वरच्या पट्टीत वीर स्वर्गात पोचलेला. कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांची तेराव्या शतकातली समुद्रातली लढाई ती हीच, असं बरेच अभ्यासक मानतात, सोमेश्वर त्यातच गेला. मुलगी वल्ही मोजत बसली, हलेचना. मग गोराई खाडीवरून बोटीने पलीकडे बीचवर, तिथे तिचा पहिला प्रश्न, "बाबा, ती जहाजं इथूनच गेली असतील का?"

ठाण्याहून
आम्ही अर्नाळ्याच्या बेटावरच्या किल्ल्यात गेलो, आईबाबांनाही नेलं. बोटीत चढताना गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, बाबांना बोटवाल्या दादांनी हात धरून अगदी जपून चढवलं. दरवाजावर वाघ आणि हत्ती कोरलेत, आत गोड्या पाण्याची विहीर, चारी बाजूंनी खारं पाणी असून! हा किल्ला मराठ्यांनी १७३७लाच घेतला होता, त्यामुळे वसईच्या आधी हा बघितला तर मोहीम नीट कळते असं माझं मत.

विलेपार्ल्याहून
आजी-आजोबा सोबत असतील तर डिसेंबर-जानेवारीतच जा, वसईला तटावर सावली नाही. येताना वसईची सुकेळी (वाळवलेली केळी) घ्या.