मदत हवी आहे : मराठीत लिहिलेली रोजची टिपणं शोधायची कशी?

नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षं मी रोज सकाळी आरएसएस फीड (वेबसाइटींवरच्या नव्या मजकुराची आपोआप येणारी यादी) चाळून कामाच्या बातम्या एका साध्या मजकुराच्या मार्कडाउन फाइलमध्ये तारीखवार लिहून ठेवतोय. पण लिहिलेलं ऐन वेळी सापडत नाही.

परवा एका जुन्या कंटेनर इमेजमध्ये (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला गठ्ठा) एक्सझेड-युटिल्स (xz-utils, फाइली कॉम्प्रेस करणारं पॅकेज) 5.6.1 दिसलं आणि पोटात गोळाच आला. मार्च 2024 मध्ये 5.6.0 आणि 5.6.1 याच आवृत्त्यांत बॅकडोअर (गुपचूप आत शिरायची चोरवाट) सापडलं होतं. एसएसएच (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्याशा शंकेवरून आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरनी ते शोधून काढलं होतं. हे सगळं माझ्या टिपणात होतं! पण ग्रेप (फाइलींत शब्द शोधणारी कमांड) मारला रोमन अक्षरांत, आणि टिपण होतं देवनागरीत. त्यातही कुठे ‘एक्सझेड’, कुठे ‘एक्स-झी’.

मराठी सोडायची नाही, कारण मराठीत लिहिलं की विषय डोक्यात पक्का बसतो. मग प्रत्येक नोंदीला पॅकेजच्या मूळ नावाचा टॅग लावू की सीव्हीई क्रमांकाचा (प्रत्येक सुरक्षा-त्रुटीला मिळणारा ओळख क्रमांक)? दोन्ही लिप्यांत एकदम शोधणारी एखादी स्क्रिप्ट कुणी वापरतं का? आणि जुन्या हजारभर नोंदींचं काय करू? अनुभव असेल त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.