हॅरी स्टाइल्सचं पहिलं सोलो गाणं तेव्हा खरंच आवडलं होतं का लोकांना?

बेसुरा_बेस:
काल रात्री 'साइन ऑफ द टाइम्स' लागोपाठ सहा-सात वेळा ऐकलं. 2017 ला आलं तेव्हा दुसऱ्या मिनिटाला बंद केलं होतं. वन डायरेक्शन म्हणजे शाळकरी पोरींच्या आवडीचा बँड, त्यातला एक आता गंभीर चेहरा करून आलाय, एवढंच तेव्हा डोक्यात. आता मात्र अडकलो. जवळपास पावणेसहा मिनिटं! पहिल्याच सिंगलला एवढं लांब आणि संथ गाणं कोण काढतं? आधी पियानो आणि खालच्या पट्टीतला आवाज. ध्रुवपदाला तोच गडी फॉल्सेटोत, म्हणजे पातळ वरच्या आवाजात, चढतो, मागे कोरस उभा राहतो, आणि शेवटाकडे एकच ओळ धरून घसा फाटेस्तोवर ओरडतो. हे गाणं लोकांनी उचललं की फॅनमंडळींनी पहिल्या आठवड्यात ढकललं? विचारण्यामागे माझा एक स्वार्थ आहे, नंतर सांगतो.

तबकडी:
7 एप्रिल 2017 ला आलं आणि गाण्यांच्या पुढच्याच साप्ताहिक यादीत ब्रिटनमध्ये पहिलं. एड शिरनचं 'शेप ऑफ यू' तेरा आठवडे तिथे ठाण मांडून होतं, त्याला हलवलं. (गंमत म्हणजे याच शिरनने वन डायरेक्शनला 'लिटल थिंग्ज' लिहून दिलं होतं.) गादी मिळाली एकच आठवडा, मग शिरन परत. अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत. त्याआधी त्याच बँडमधल्या झेनचं 'पिलोटॉक' जानेवारी 2016 ला निघालं आणि दोन्हीकडे थेट पहिलं आलं होतं, जे अख्ख्या बँडला अमेरिकेत कधीच जमलं नाही. तेव्हा नुसत्या फॅनच्या रेट्याचा हिशेब करायचा तर झेन पुढे. समीक्षकांना मात्र हॅरीचं गाणं ऐकून जुना ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी आठवला. काहींनी कौतुकाने नाव घेतलं, काहींनी 'उसना कोट' या अर्थाने. मी दुसऱ्या गटात होतो, अजून अर्धा तिथेच आहे.

खर्जातली_बाई:
वन डायरेक्शनमध्ये पाच गळे होते हे विसरू नका. एकेकाच्या वाट्याला दोन-चार ओळी, की पुढचा येणार. तिथे हॅरीचा आवाज मला कधी पुरता ऐकूच आला नव्हता. इथे तो एकटा आहे आणि खालून वर चढताना दोन आवाजांमधला सांधा लपवत नाही. गाणाऱ्याला विचारा, ते किती उघडं पडणं असतं.
अर्थही बघा. रोलिंग स्टोन मासिकाला त्याने सांगितलं होतं की हे बाळंतिणीच्या तोंडचं गाणं आहे. बाळ सुखरूप आहे पण तू वाचणार नाहीस, असं तिला सांगितलंय, आणि लेकराशी बोलायला पाच मिनिटं उरलीत. हे कळल्यावर मला त्याची लांबी खटकेनाशी झाली.

पुढचं_लावा:
मला अजून झोप येते. व्हिडिओ तेवढा भारी, स्कॉटलंडच्या स्काय बेटावर हवेत उडतो तो. बाकी पास.
@बेसुरा, स्वार्थ काय तो सांगा आता.

बेसुरा_बेस:
सांगतो. कॉलेजपासून आमचा चौघांचा बँड. गेल्या महिन्यात आमच्या गायकाने स्वतःचं सिंगल काढलं. आम्हाला लिंकसोबतच कळलं. मी न ऐकताच ग्रुपवर अंगठा टाकला आणि ग्रुप म्यूट केला. वर विचारलं ते हॅरीबद्दल कमी आणि याच्याबद्दल जास्त होतं, बाई आणि तबकडी दोघांनी माफ करावं.
आत्ता हेडफोन लावून ऐकलं. तोही ध्रुवपदाला वर चढतो, आणि चढताना आवाज जरा चिरकतो. तालमीत असं झालं की तो थांबून परत घ्यायचा. इथे तसंच ठेवलंय.
बेस दुसऱ्याच कुणीतरी वाजवलाय. चांगला वाजवलाय मेल्याने.