लोकांची गाडी : तुमची फोक्सवागन, तुमचे किस्से

मागच्या रविवारी आमची २०११ची पोलो विकली. घेणारा मुलगा आधी मारुती चालवायचा. गल्लीच्या तोंडाशी उजवीकडे वळायचं म्हणून त्याने दांडी ओढली आणि कोरड्या काचेवर वायपर खर्र खर्र फिरायला लागला. इंडिकेटर डाव्या हाताला, वायपर उजव्या हाताला, ही युरोपातली रीत. माझाही पहिला महिना असाच गेला होता. भर उन्हात वायपर फिरवत मी अख्खं पौड रोड हिंडलोय. ही गॅलरीतून बघत होती. म्हणाली, "गेली बाई एकदाची." आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

म्हणून हा धागा. चालवली असेल, बनवली असेल, दुरुस्त केली असेल किंवा नुसती हावरटासारखी बघितली असेल, सगळ्यांनी लिहा. एकच अट, डीलर, गॅरेज, सर्व्हिस सेंटर यांची नावं नकोत. भांडायला दुसऱ्या जागा आहेत.

नावाचा घोळ आधी मिटवू. जर्मनमध्ये व्ही अक्षराचा उच्चार 'फ' आणि डब्ल्यूचा 'व', म्हणून फोल्क्सवागन. आपण फोक्सवागन म्हणू, चालतंय. फोल्क म्हणजे लोक, वागन म्हणजे गाडी. आणि हे 'वागन' आपल्या 'वाहना'चं चुलत भावंड आहे बरं का, दोघांचं मूळ एकच, आपल्याकडचा 'वह्' धातूही त्याच मुळातला.

तर लोकांची गाडी. पण लोकांना ती मिळाली कधी? १९३०च्या दशकात हिटलरने फर्डिनांड पोर्शकडून ही स्वस्त गाडी, म्हणजे पुढची बीटल, आखून घेतली. किंमत ९९० मार्क. दर आठवड्याला ५ मार्कांचं तिकीट घ्यायचं, पुस्तकात चिकटवायचं, पुस्तक भरलं की गाडी. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी तिकिटं चिकटवली आणि त्यातल्या एकालाही त्या योजनेतून गाडी मिळाली नाही. भिशी भरत आली आणि भिशीवालाच लढाईवर निघाला, असला प्रकार. १९३८मध्ये पायाभरणी झालेल्या त्या कारखान्यात मग लष्करी गाड्या निघाल्या. सुमारे २० हजार माणसांना तिथे जबरदस्तीने राबवलं, त्यात छळछावण्यांतले कैदीही होते. बीटलचं गोंडस तोंड बघताना हे सहसा कुणाला आठवत नाही. युद्ध संपल्यावर कारखाना ब्रिटिशांच्या ताब्यात गेला. आयव्हन हर्स्ट नावाच्या मेजरने तो मोडीत काढू दिला नाही, आपल्याच सैन्यासाठी २० हजार गाड्यांची ऑर्डर मिळवली. लोकांची गाडी लोकांपर्यंत पोचली ती तिथून पुढे.

माझं झालं. आता तुम्ही.

मडगावहून

आमच्या आजोबांची बीटल होती, १९५९ची, करड्या रंगाची. घरात तिला बीटल कुणी म्हणत नसे. पोर्तुगीजमध्ये तिला 'कारोशा' म्हणतात, म्हणजे भुंगाच. आजोबाही तेच म्हणायचे. तेव्हा गोव्यात परदेशी गाडी घेणं फार अवघड नव्हतं. बेळगावचे सोयरे फियाटसाठी नंबर लावून बसलेले असत आणि आमच्या दारात जर्मन गाडी. त्यांना ते फार लागायचं, असं आजी सांगते.

इंजिन मागे, ११९२ सीसी, हवेनेच थंड होणारं. रेडिएटर नाही, त्यामुळे पाणी नाही. अनमोड घाटात बाकीच्या गाड्या वाफा सोडत बॉनेट उघडून उभ्या असायच्या आणि आजोबा हात दाखवून पुढे. डिकी पुढच्या बाजूला, पेट्रोलची टाकीही तिथेच. बेळगावला नेलेल्या फणसाला पेट्रोलचा वास येतो, ही सोयऱ्यांची कायमची तक्रार.

पेट्रोलचा काटा नव्हता. खरंच नव्हता. गाडी आचके द्यायला लागली की पायाजवळची एक कळ फिरवायची, मग राखीव पाच-एक लिटर सुरू. पेट्रोल भरल्यावर कळ परत जागेवर आणायची. आजोबा एकदा ती विसरले. मोले पार करून जंगलात शिरल्यावर गाडीने आचका दिला, त्यांनी ऐटीत पाय लांब केला, तर कळ आधीच फिरलेली! आजी, तीन मुलं आणि गणपतीसाठी घेतलेलं सामान, सगळे रस्त्याच्या कडेला. एका ट्रकवाल्याने रबरी नळीने पेट्रोल ओढून दिलं. आजी त्यानंतर गाडीत बसली की आधी वाकून ती कळ बघायची. पंचांगापेक्षा जास्त विश्वास त्या कळीवर.

१९८०च्या आसपास गाडी विकली. पुढे २००३मध्ये मेक्सिकोतल्या पुएब्लाला शेवटची जुनी बीटल निघाली तेव्हा आकडा २ कोटी १५ लाखांच्या वर गेला होता. त्यातली एक आमची.

कराड

मावसभावाचं लग्न, कार्यालयाचं पार्किंग, माझी व्हेंटो सगळ्यांच्या मध्ये अडकलेली. मी पंगतीत जिलबीवर. माइकवरून पुकारा, "पांढरी व्हेंटो कुणाची?" बाहेर गेलो तर पार्किंगवाला पोरगा घामाघूम. रिव्हर्स टाकतोय आणि गाडी पहिल्या गियरमध्ये पुढच्या भिंतीकडे सरकतेय. बाजूला चार काका सूचना देताहेत. मी बसलो, दांडी खाली दाबली, डावीकडे नेऊन पुढे ढकलली, गाडी मागे. काकांपैकी एक म्हणाले, "दाबायची? मग तसं लिहायला नको का?" दांडीच्या डोक्यावर आर लिहिलेला असतो. दाबायची हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही.

चाकणहून

मी इथल्या कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये होतो. आयटीआय करून २०१०ला लागलो. कारखाना ३१ मार्च २००९ला सुरू झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पहिली पोलो निघाली, म्हणजे मी अगदी पहिल्या काळातला. आमचं गाव जवळच. जिथे आम्ही ज्वारी आणि कांदा बघितला होता तिथे रोबो हात हलवायला लागले, ते बघायला आईला एकदा आणायची फार इच्छा होती. जमलं नाही.

कामाला जाताना घड्याळ, अंगठी, पट्ट्याचं बक्कल, काही चालत नाही, गाडीला ओरखडा जातो. लग्न झाल्यावर पहिल्याच दिवशी अंगठी काढून लॉकरमध्ये ठेवली. बायकोला हे सांगायला आठवडा लागला.

माझं काम रंग वाळल्यावर तपासायचं. लांब ट्यूबलाइटखालून गाडी जाते, आपण तिरकं बघायचं आणि हातमोज्यातली बोटं पत्र्यावरून सोडत न्यायची. दाबायचं नाही. धुळीचा एवढासा कण रंगाखाली बसला असेल तर बोटाला तीळ लागल्यासारखा लागतो. खूण करायची, बारीक पॉलिशपेपरने घासायचं, पॉलिश करायचं. कधीकधी रंग संत्र्याच्या सालीसारखा उठतो, त्याला आम्ही सालच म्हणायचो. "याला साल आलीय रे!" एवढं ओरडलं की सगळ्यांना कळायचं. डाव्या हाताच्या स्टिअरिंगच्या व्हेंटो मेक्सिकोला जायच्या. गोव्याच्या दादांनी पुएब्लाचं लिहिलंय म्हणून सांगतो, त्यांची बीटल जिथे संपली तिथे आमची व्हेंटो जायची.

एवढी वर्षं मी स्प्लेंडरवरच. २०१९ला ठरवलं, आपणही घ्यायची. नवी नाही परवडली, २०१२ची पोलो बघायला हडपसरला गेलो. एजंट इंजिन दाखवतोय, ॲव्हरेज सांगतोय, आणि मी दारावरून बोटं फिरवतोय. उजव्या पुढच्या दाराचा रंग कंपनीचा नव्हता. म्हटलं, "हे दार ठोकलंय." तो म्हणाला, "छे हो, एकदम ओरिजिनल." मी म्हटलं, "दादा, ओरिजिनल मी केलाय." वीस हजार कमी झाले.

ती अजून आहे. २०२२ला पोलो बंद झाली, शेवटच्या ७०० गाड्यांना लेजंड नाव देऊन विकल्या. आता लाइनवर टायगुन आणि व्हर्टस. मी मागच्याच वर्षी ते काम सोडलं, पण सिग्नलला पोलो शेजारी उभी राहिली की बोटं शिवशिवतात.

नाशिक

२१ सप्टेंबर २०१०. सकाळी पेपर उघडला आणि पेपर बोलायला लागला! व्हेंटोची जाहिरात, मागच्या पानाला चिप चिकटवलेली. आमच्या सोसायटीत एका आजींनी पेपर बादलीत बुडवला. गाडी मी काही घेतली नाही. चिप मात्र दोन वर्षं ड्रॉवरमध्ये होती.

ब्राउनश्वाइग, जर्मनी

इथून वोल्फ्सबुर्ग रेल्वेने वीसेक मिनिटं. कालव्याकाठी लाल विटांचा कारखाना, त्याच्या वीजकेंद्राच्या चार चिमण्या, स्टेशनवर उतरलं की समोर तेच. गावच कारखान्यासाठी वसवलेलं. वोल्फ्सबुर्ग हे नावसुद्धा १९४५चं, तिथल्या जुन्या गढीवरून दिलेलं. आमच्याकडे किर्लोस्करवाडी होती, तसंच म्हणा, फक्त लोकसंख्या लाखाच्या वर.

मी पुरवठादार कंपनीत आहे, मीटिंगला आत जावं लागतं. पहिल्या दिवशी कँटीनमध्ये सहकाऱ्याने सॉसेजची ताटली दाखवून सांगितलं, हाही गाडीचा सुटा भाग आहे. मला वाटलं थट्टा. खरंच त्याला पार्ट नंबर आहे, १९९ ३९८ ५०० ए. कारखान्याचा स्वतःचा खाटीकखाना, आणि कित्येक वर्षी गाड्यांपेक्षा सॉसेज जास्त खपतात. मी देशस्थ शाकाहारी. २०२१मध्ये मुख्य इमारतीच्या कँटीनमधून मांस काढलं तेव्हा मला कोण आनंद! त्यावर माजी चॅन्सेलर गेऱ्हार्ड श्रोडर यांनी जाहीर निषेध केला. २०२३ला सॉसेज परत आलं. मी परत डब्यावर.

सध्या हसण्यासारखं कमी आहे. २०२४च्या डिसेंबरात कंपनी आणि कामगार संघटना यांचा करार झाला, २०३०पर्यंत जर्मनीतल्या ३५ हजारांहून जास्त जागा कमी होणार. कुणाला थेट काढणार नाहीत, पण आमच्या बेकरीत सकाळी रांगेत गप्पा असायच्या त्या आता नसतात. शेजारच्या बाईंचे वडील, त्या स्वतः आणि मुलगा, तिघेही तिथलेच. मुलाला आता इलेक्ट्रिशियनचं शिकायचंय, घरोघरी जाऊन काम करणारा.

पुणे, कोथरूड

सगळं गोडगोड चाललंय म्हणून मी जरा मीठ घालतो. माझा जन्म धुराच्या चाचण्यांत गेला. २०१५चं डिझेल प्रकरण कसं उघडकीला आलं ते लोकांना अर्धवट माहीत असतं.

प्रयोगशाळेत गाडी रोलरवर उभी करतात. चाकं फिरतात, स्टिअरिंग हलत नाही, वेग ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वरखाली होतो. गाडीतल्या सॉफ्टवेअरने एवढ्यावरून ओळखायचं की आत्ता परीक्षा चालू आहे, आणि धूर नीट साफ करायचा. रस्त्यावर आली की ढील. इन्स्पेक्टर वर्गात आल्यावर हाताची घडी घालणारी पोरं असतात ना, तसं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांनी मोजायचं यंत्रच डिकीत घातलं आणि गाड्या रस्त्यावर चालवल्या, एक तर लॉस एंजेलिसपासून सिएटलपर्यंत. नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या कित्येक पट, जेटामध्ये १५ ते ३५ पट. त्या गटात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे आपल्याकडून गेलेले दोघे होते. जगभरात १ कोटी १० लाख गाड्यांत ते सॉफ्टवेअर निघालं. इथेही डिसेंबर २०१५मध्ये कंपनीने सुमारे सव्वातीन लाख गाड्या परत बोलावल्याचं जाहीर केलं.

आणि हे सांगून झाल्यावर कबूल करतो, मी आजही १.२ टीएसआयची पोलो चालवतो. पेट्रोल आहे.

चिपळूण

कोथरूडच्या काकांनी मीठ घातलं, मी थोडं दुसरं सांगते. २०१४च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने भारतातल्या गाड्या आपटून बघितल्या. एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे, दोन एअरबॅगवालीला चार. त्यानंतर बिनएअरबॅगची पोलो विकणंच बंद झालं. मला गाडी घ्यायचीच होती. बाबा म्हणाले, तेवढ्याच पैशात मोठी गाडी येते, मागे तिघं ऐसपैस बसतील. मी अडून बसले.

२०१६चा जून, पहिला पाऊस, कशेडी घाट. रस्त्यावर सांडलेलं डिझेल आणि माझा वेग, दोष माझाच. गाडी घसरली ती थेट कठड्यावर. आवाज आठवत नाही. आठवतो तो फटाके वाजल्यानंतरचा वास आणि सगळ्या गाडीभर पांढरी भुकटी, कपाळावर, पापण्यांवर, मांडीवरच्या डब्यावर. मला वाटलं आग लागली. चष्मा तुटला, मनगट भाजल्यासारखं लाल झालं, बाकी काही नाही. गाडी विमावाल्यांनी टोटल लॉस धरली. बाबा आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "डबा काढून घे, आईचा आहे."

सोलापूर

आमच्या शहरातल्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने (नाव घेत नाही, धाग्याची अट) दोन वर्षांत तीनदा ब्रेक पॅड बदलल्याचं बिल लावलं. चौथ्या वेळी बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका पॅडवर लावून गाडी दिली. परत आली, बिलात नवे पॅड, चाक काढलं तर ठिपका तिथेच. मॅनेजरला दाखवला. पैसे परत मिळाले, वर एक कार फ्रेशनर. ठिपक्याचा रंग गुलाबी, कुणाला उपयोग झाला तर.

चाकणहून, पुन्हा

सोलापूरच्या दादांना दंडवत. आणि धागा काढणाऱ्या काकांना एक विचारायचं राहिलं. तुमची २०११ची म्हणालात. महिना कुठला, रंग कुठला? माझ्या हाताखालून गेली असेल.

धागाकर्ता

मे महिना. काळी.

चाकणहून

मग असणार. काळ्या यायला लागल्या की आम्हाला नको वाटायचं काका. काळ्यावर एक कण लपत नाही.